‘शेतकऱ्या’तला ऱ्य कोणाकोणाच्या जिवावर उभा आहे

मागच्या पावसाळ्यात एका संस्थेच्या जुन्या याद्या एकत्र करायचं काम माझ्याकडे आलं होतं. सात-आठ एक्सेल फायली, प्रत्येक वेगळ्या माणसाने वेगळ्या कॉम्प्युटरवर टाईप केलेली. सगळं एका फायलीत आणलं, सर्चमध्ये ‘शेतकऱ्यांची’ टाकलं, आणि निम्म्याच ओळी सापडल्या. उरलेल्या ओळींत तोच शब्द डोळ्यांना लख्ख दिसतोय, दोन्ही शब्द कॉपी करून शेजारीशेजारी ठेवले, फाँट मोठा करून बघितला, काना-मात्रा-वेलांटी सगळं सारखं, पण कॉम्प्युटरचं म्हणणं एकच की हे दोन शब्द वेगळे आहेत.

शेवटी शब्द सुटा करून आतले नंबर काढले तेव्हा उलगडा झाला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला, मात्रेला, हलन्तालासुद्धा एक नंबर असतो. एका फायलीत तो ऱ्य होता ‘ऱ, हलन्त, य’ असा, म्हणजे यू+०९३१ हे वेगळं अक्षर वापरून. दुसऱ्या फायलीत होता ‘र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, य’ असा, म्हणजे साधा र यू+०९३० आणि हलन्तानंतर यू+२००डी, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात आणि जो स्क्रीनवर दिसतच नाही. दोन्ही रस्त्यांनी शेवटी तोच पापणीसारखा र उमटतो.

आता यात चूक कोणाची? कोणाचीच नाही, आणि हेच मला तेव्हा हादरवून गेलं. युनिकोड स्टँडर्डच्या देवनागरीच्या प्रकरणात या रला आयलॅश रा असं नाव आहे, तो मराठीत वापरतात असं मराठीचं नाव घेऊन लिहिलंय, आणि दोन्ही रस्ते नियमात बसतात. पहिला रस्ता आपल्या भारतीय इस्की स्टँडर्डला धरून, दुसरा युनिकोडच्याच जुन्या २.० व्हर्जनशी जुळतं राहावं म्हणून ठेवलेला. युनिकोडमध्ये नॉर्मलायझेशन नावाची सोय आहे, एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लिहिण्याच्या पद्धती ती एकसारख्या करते, पण या दोघांना ती एक मानत नाही. कीबोर्ड बनवणाऱ्याने एक रस्ता निवडला, दुसऱ्याने दुसरा, दोघांचाही कोड बरोबर, आणि माझ्या यादीतली निम्मी माणसं गायब.

तेव्हापासून मला एक सवय लागली. कुठलंही सॉफ्टवेअर समोर आलं की ते कशावर उभं आहे याचा नकाशा काढायचा, आणि त्या नकाशात फक्त कोड नाही तर कागदसुद्धा दाखवायचे. कागद म्हणजे स्पेसिफिकेशन. या लेखात तेच सांगायचंय.

आधी प्रोजेक्ट आणि स्पेसिफिकेशन यातला फरक सोपा करून घेऊ. घरातला प्लग बघा. तुम्ही मिक्सर एका कंपनीचा घेता, भिंतीतलं सॉकेट दुसऱ्याच कंपनीचं, इलेक्ट्रिशियन तिसराच, या तिघांची कधी गाठ पडलेली नसते तरी पिन बसते. कारण तिघंही एकाच कागदाकडे बघून काम करतात, भारतात त्या कागदाचा नंबर आयएस १२९३. पिनची जाडी किती, दोन पिनांमधलं अंतर किती हे त्यात आहे. मिक्सर म्हणजे प्रोजेक्ट, तो कागद म्हणजे स्पेसिफिकेशन. मिक्सर जळाला तर दुसरा आणता येतो, पण कागदातलं अंतर उद्या बदललं तर गावभरची सॉकेटं बदलावी लागतील.

सॉफ्टवेअरमध्ये अगदी असंच आहे, फक्त थर खूप जास्त आहेत. समजा तुम्ही लिनक्सवर फायरफॉक्समध्ये ‘शेतकऱ्याला’ हा शब्द वाचताय. सर्व्हरकडून आले नुसते बाइट, ते यूटीएफ-८ च्या नियमाने उलगडले, हा नियम आरएफसी ३६२९ मध्ये आहे, आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले, नंबर घातलेले कागद. त्यातून युनिकोडचे नंबर मिळाले. हे नंबर गेले हार्फबझकडे. हार्फबझ ही ओपन सोर्स लायब्ररी आहे, म्हणजे दुसरे प्रोग्राम आपल्यात घेऊन वापरतात असा खुला, तयार कोड, तिचं काम एवढंच की हे नंबर आणि हा फाँट दिला तर नेमके कुठले आकार, कुठल्या क्रमाने, कुठे मांडायचे ते ठरवणं. ‘कि’मधली वेलांटी टाईप होते कनंतर पण दिसते कच्या आधी, रफार लिहिला जातो आधी पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, ही सगळी मांडामांड ती करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस, सगळे याच एका लायब्ररीवर टेकलेत. मराठी माणसाने मोबाइलवर दिवसभरात वाचलेल्या मजकुरातला मोठा हिस्सा तिच्या हातून गेलेला असतो आणि तिचं नावही आपण ऐकलेलं नसतं.

हार्फबझ स्वतः मनाने काही ठरवत नाही, ती फाँटच्या पोटातले ओपनटाईपचे नियम वाचते. ओपनटाईप हे परत स्पेसिफिकेशन, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबीने नव्वदच्या दशकात आणलेलं, नंतर आयएसओचं स्टँडर्डही झालेलं. आकार ठरले की ते प्रत्यक्ष ठिपक्यांत रंगवायचं काम फ्रीटाईप ही दुसरी लायब्ररी करते.

आता यात एक फार गोड गोष्ट आहे, ती जरा निवांत सांगतो. मराठी ल आणि हिंदी ल वेगळा दिसतो, श पण वेगळा दिसतो, शाळेत आपण मराठी वळणाचे गिरवलेले असतात, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयातही मराठी वळणाचेच आकार दिलेत. पण युनिकोडमध्ये ल एकच आहे, नंबर एकच. मग स्क्रीनवर मराठी ल येतो कुठून? नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटात दोन्ही आकार भरलेले असतात आणि एक नियम असतो की भाषा मराठी असेल तर हा आकार वापर. भाषा मराठी आहे हे फाँटला कोण सांगणार? वेबपेज बनवणाऱ्याने पानावर भाषा म्हणून ‘एमआर’ ही खूण लिहिलेली असते. ही खूण येते बीसीपी ४७ या कागदातून, आणि बीसीपी ४७ ती घेतं आयएसओच्या भाषांच्या यादीतून. पण ओपनटाईपला ‘एमआर’ कळत नाही, त्याच्या यादीत मराठीची खूण आहे ‘एमएआर’. म्हणून हार्फबझमध्ये एक तक्ता ठेवलाय, इकडची खूण तिकडे जुळवून देणारा, आणि तो तक्ता दोन्हीकडच्या अधिकृत याद्यांवरून तयार केला जातो.

मोजा आता. एका लसाठी युनिकोड, एचटीएमएल, बीसीपी ४७, आयएसओची यादी, ओपनटाईप, आणि हवं तर शासन निर्णयसुद्धा, एवढे कागद. आणि ब्राउझर, हार्फबझ, फाँट, फ्रीटाईप, एवढे प्रोजेक्ट. यातल्या एकाही दुव्यात मराठीचा विचार राहिला असता तर आपल्याला हिंदी वळणाचा ल दिसला असता आणि बहुतेकांना वाटलं असतं की कॉम्प्युटरवर असाच असतो. पानावर भाषेची खूणच लिहिली नाही तरी तेच होतं, आणि मराठी साइटवर ती नसल्याचं मला अजूनही वारंवार दिसतं, हे फार वाईट वाटतं कारण एका ओळीचं काम आहे.

तर नकाशात दोन प्रकारच्या रेघा असतात. एक कोडवरून कोडकडे जाणारी, म्हणजे फायरफॉक्सला हार्फबझ लागतं. दुसरी कोडवरून कागदाकडे जाणारी, म्हणजे हार्फबझला ओपनटाईप लागतं. पहिली रेघ मशीन काढू शकतं. डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका डिस्ट्रोवर (तयार संचावर), एक कमांड मारली की कुठलं पॅकेज कोणावर अवलंबून ते दिसतं, उलटं विचारलं तर यावर कोण अवलंबून तेही दिसतं, जावास्क्रिप्टवाले एनपीएम या आपल्या पॅकेजच्या भांडाराला विचारतात. आता तर एसबॉमची पद्धत आलीये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय काय घातलंय त्याची सामानाची यादी, जशी बिस्किटाच्या पुड्यावर असते. ही यादी कशी लिहायची याचेही कागद आहेत, एसपीडीएक्स आणि सायक्लोनडीएक्स, आणि आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २०२४ मध्ये एसबॉमबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या.

या यादीची गरज का पडली तर ठेचा लागल्या म्हणून. २०१६ मध्ये एनपीएमवरून लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर बांधायची कामं, पडले, कारण मोठमोठी टूल्स आतून त्यावर टेकलेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीमध्ये भयंकर भोक सापडलं तेव्हा भोक बुजवण्याआधी ‘आपल्याकडे हे कुठे कुठे आहे’ एवढं शोधण्यातच टीमच्या टीम अडकून पडल्या.

पण मशीनने काढलेली रेघसुद्धा नेहमी पुरी नसते, आणि यासाठी एक्सझेडचं प्रकरण समजून घ्यायलाच हवं. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनियरला दिसलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायच्या पद्धतीने, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. एवढ्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागून तो पोचला एक्सझेड या फायली कॉम्प्रेस करणाऱ्या लायब्ररीत, आणि तिथे कोणीतरी मुद्दाम लपवलेलं मागचं दार निघालं. आता ओपनएसएसएचचा, म्हणजे ते एसएसएच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मूळ कोड उघडला तर त्यात एक्सझेडचं नावसुद्धा नाही. मग संबंध आला कुठून? डेबियन, फेडोरा अशा डिस्ट्रोंनी त्यात स्वतःचा एक छोटा पॅच, म्हणजे कोडातला बदल, घातलेला, सर्व्हर सुरू झाला की सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्सवरचे प्रोग्राम सुरू करून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, ‘मी तयार आहे’ असा निरोप द्यायचा म्हणून. त्यासाठी घेतली सिस्टिमडीची लायब्ररी, त्या लायब्ररीला लागायची एक्सझेड, आणि अशी ती थेट सर्व्हरच्या दारात येऊन बसली. मूळ प्रोजेक्टचा नकाशा काढणाऱ्याला ही रेघ दिसलीच नसती, ती होती डिस्ट्रोच्या नकाशात.

आणि यानंतर जे झालं ते मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतं. तो ‘मी तयार आहे’ निरोप म्हणजे प्रत्यक्षात एका सॉकेटवर पाठवायची एक छोटीशी ओळ आहे, तिचा नियम सिस्टिमडीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेला आहे. ओपनएसएसएचवाल्यांनी त्याच वर्षी ९.८ व्हर्जनमध्ये लायब्ररी न घेता तो निरोप स्वतःच्या थोड्याशा कोडने पाठवायला सुरुवात केली. म्हणजे काय केलं, तर कोडकडे जाणारी रेघ खोडली आणि तिच्या जागी कागदाकडे जाणारी रेघ काढली. कागद स्वच्छ लिहिलेला असला की एवढी मोकळीक मिळते. क्रोमनेही वेबफाँटसाठी फ्रीटाईप काढून रस्ट भाषेतली स्क्रिफा ही नवी लायब्ररी आणलीये, आणि वाचणाऱ्याला फरक कळलाही नाही, कारण दोघी एकाच ओपनटाईपला धरून चालतात.

आता दुसऱ्या रेघेकडे, कोडवरून कागदाकडे जाणारी. ही रेघ कुठल्याच फायलीत लिहिलेली नसते. पॅकेजच्या यादीत हार्फबझचं नाव येईल, ‘युनिकोडचं अमुक प्रकरण, अमुक नियम’ असं येणार नाही. ते कुठेतरी एखाद्या कॉमेंटमध्ये, एखाद्या टेस्टच्या नावात, नाहीतर नुसतं लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं.

ओपनएसएसएल या लायब्ररीत सापडलेलं हार्टब्लीड नावाचं भोक आठवा, एप्रिल २०१४. टीएलएससाठी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या नियमांसाठी, हार्टबीट नावाची सोय आली आरएफसी ६५२० मधून, फेब्रुवारी २०१२ मध्ये. सोय अशी की एका बाजूने थोडा मजकूर पाठवायचा आणि त्याची लांबी सांगायची, दुसऱ्या बाजूने तोच मजकूर परत पाठवायचा, म्हणजे लाइन चालू आहे हे कळतं. कोणी लांबी खोटी सांगितली, प्रमाणाबाहेर मोठी सांगितली तर काय करायचं? कागदात स्पष्ट लिहिलंय की असा निरोप गुपचूप टाकून द्यायचाच, बंधनकारक शब्द वापरून लिहिलंय. ओपनएसएसएलमध्ये ती तपासणी राहून गेली, मग समोरचा म्हणाला चौसष्ट हजार बाइट परत दे तर सर्व्हर स्वतःच्या मेमरीतलं जे शेजारी असेल ते, पासवर्ड असो की किल्ल्या, उचलून द्यायला लागला. त्याच कागदावरून जीएनयू टीएलएस या दुसऱ्या लायब्ररीनेही हार्टबीट लिहिलं होतं, त्यात हे भोक नव्हतं.

विचार करा, त्या वेळी कोणाकडे दुसऱ्या रेघांचा नकाशा असता, की आरएफसी ६५२० कोणी कोणी कोडमध्ये उतरवलाय आणि त्यातलं प्रत्येक बंधनकारक वाक्य कुठल्या टेस्टने तपासलं जातं, तर त्या ‘टाकून द्यायचाच’ या वाक्यापुढे ओपनएसएसएलच्या रकान्यात टेस्ट नाही असं कोरं दिसलं असतं. भोक आपोआप बुजलं असतं असं मी म्हणत नाही, पण बघणाऱ्याचं बोट तिथे थांबलं असतं.

आणखी एक प्रकरण, थोडं कमी गाजलेलं पण डेटाबेसवाल्यांना झोपू न देणारं. अक्षरांचा क्रम कसा लावायचा याचं एक आयएसओ स्टँडर्ड आहे, १४६५१. लिनक्सची जीलिबसी ही पायाची लायब्ररी ऑगस्ट २०१८ मध्ये २.२८ ला आली तेव्हा तिने हा क्रम नव्या स्टँडर्डप्रमाणे बदलून घेतला. काम चांगलंच होतं. पण पोस्टग्रेसमधले इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायसाठीच्या सूची, हे जुन्या क्रमाने रचून डिस्कवर ठेवलेले. ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केली, पोस्टग्रेसला कोणी हातही लावला नाही, आणि आता ते नव्या क्रमाने जुन्या इंडेक्समध्ये शोधायला लागलं. कपाटातल्या फायली एका क्रमाने लावल्यात आणि शोधणारा माणूस दुसराच क्रम समजून शोधतोय, तसं. फाइल तिथेच आहे आणि तो सांगतोय नाहीये. एकाच नावाचे दोन रेकॉर्ड घुसू नयेत म्हणून घातलेली बंधनंही पोकळ होण्याची वेळ आली. इलाज एकच, इंडेक्स परत बांधा. आता पोस्टग्रेस हा क्रम कुठल्या व्हर्जनचा होता ते लिहून ठेवतं आणि तो बदलला तर वॉर्निंग देतं, म्हणजे दुसऱ्या रेघेवर त्यांनी व्हर्जन लिहायला सुरुवात केली.

व्हर्जन किती महत्त्वाचं ते आपल्या अक्षरातच बघा. ‘ज्ञानेश्वर’ या नावात अक्षरं किती? आपण चार म्हणू, ज्ञा-ने-श्व-र. पायथॉनला लांबी विचारली तर दहा, कारण हलन्त, काना, मात्रा सगळे वेगळे नंबर. यूटीएफ-८ मध्ये बाइट मोजले तर तीस. यावर उपाय म्हणून ‘माणसाला एक वाटेल असं अक्षर’ मोजायचा नियम युनिकोडच्या परिशिष्ट २९ मध्ये आहे, पण त्या नियमाने बरीच वर्षं उत्तर यायचं सहा, कारण जोडाक्षर हलन्तापाशी तुटायचं, ज् वेगळा आणि ञा वेगळा. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं, त्यात देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं तोडायची नाहीत असा नियम आला, आणि तेव्हापासून उत्तर आलं चार. म्हणजे तुमच्या फॉर्ममध्ये ‘नाव जास्तीत जास्त इतकी अक्षरं’ अशी अट असेल, आणि ब्राउझर एका व्हर्जनवर, सर्व्हर दुसऱ्या व्हर्जनवर असेल, तर त्याच नावाला एक हो म्हणेल आणि दुसरा नाही म्हणेल. पॅकेजच्या यादीत सगळं हिरवं, कागदाच्या व्हर्जनमध्ये फरक.

मग असा नकाशा काढायचा कसा? सगळ्या जगाचा काढायला बसू नका. एक गोष्ट धरा, माझा ऱ्य होता तसं एक अक्षर, एक तारीख, एक लॉगिन, आणि तिचा हात धरून मागे मागे जा. चौकटी दोन प्रकारच्या काढा, प्रोजेक्ट वेगळे आणि कागद वेगळे. रेघेवर नुसता बाण पुरत नाही, तिच्यावर लिहा की कुठलं व्हर्जन, कागदातला कुठला भाग, आणि हे तपासणारी टेस्ट कुठे आहे. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण टेस्ट हीच एक जागा आहे जिथे कागद आणि कोड प्रत्यक्ष भेटतात. युनिकोडवाले नियमांबरोबर टेस्टच्या फायलीही देतात, ब्राउझरवाल्यांनी मिळून वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स नावाचा मोठा साठा केलाय, तिथून सुरुवात करता येते. मोझिलाच्या एमडीएन या वेबच्या माहितीच्या साइटमागे जो ब्राउझर कंपॅटचा डेटा आहे त्यात वेबच्या फीचरपुढे तो कुठल्या स्पेसिफिकेशनमधून आला त्याची लिंक असते, म्हणजे दुसऱ्या रेघा कोणीतरी हाताने काढून ठेवल्यात, फुकट.

कागदही कागदांवर टेकलेले असतात हे विसरू नका. आरएफसीच्या शेवटी संदर्भांचे दोन गट असतात, एक ज्यांच्याशिवाय हा कागद पाळताच येणार नाही ते, दुसरा नुसती माहिती म्हणून. पहिला गट नकाशात घ्या, दुसरा सोडा, नाहीतर जाळं एवढं होतं की काहीच दिसत नाही. आणि वरच्या बाजूला लिहिलेलं असतं की हा कागद कोणाला रद्द करतो, कोणात बदल करतो, ते आधी बघा. मी एकदा दोन दिवस रद्द झालेला कागद वाचत बसलो होतो.

एक तिसरी रेघही आहे, तुटक काढायची. कधी कधी कागद अपुरा असतो आणि सगळे कुठल्यातरी एका चालत्या सॉफ्टवेअरकडे बघून जुळवून घेतात. भारतीय लिप्यांचं असंच झालं. ओपनटाईपच्या कागदात सगळं नव्हतं, फाँट बनवणारे आपला फाँट विंडोजवर नीट दिसतोय ना एवढं बघायचे. म्हणून हार्फबझवाल्यांनी विकिपीडियातले शब्द घेऊन विंडोजमध्ये हेच मांडामांडीचं काम करणाऱ्या युनिस्क्राइबशी ताडून बघितले, आकार वेगळा आला की थांबायचं, कारण शोधायचं. खरा नियम कागदात नव्हता, दुसऱ्याच्या बंद कोडच्या वागण्यात होता. अशी तुटक रेघ सापडली की तिच्यावर नाव घाला, कारण तो दुसरा उद्या बदलला तर तुम्हाला कोणी कळवणार नाही.

माझ्या यादीचं सांगायचं राहिलं. आता फाइल आत घेतानाच ‘र, हलन्त, जॉइनर’ दिसलं की त्याचं ‘ऱ, हलन्त’ करून घेतो. मग ‘शेतकऱ्यांची’ टाकल्यावर सगळ्या ओळी आल्या, आणि मला सुचलंच नव्हतं ते कऱ्हाडसुद्धा एक झालं, आधी ते यादीत दोन वेगळी गावं म्हणून मोजलं गेलं होतं. त्या स्क्रिप्टच्या वर मी चार ओळी लिहून ठेवल्यात: हा बदल युनिकोडच्या देवनागरी प्रकरणातल्या कुठल्या नियमामुळे करावा लागतो, युनिकोडचं व्हर्जन कुठलं, टेस्टची फाइल कुठली, आणि नॉर्मलायझेशनवर विसंबून ही पायरी काढू नये.